भुंड्याच्या मागावर

ही गोष्ट मी एक दोस्त सोडला तर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्या पदरी नोकरी केली त्यांना तर नाहीच. चार वळू मारून पुरले असं मी सही करून कळवलं होतं. पुरले तीन. चौथा मी जिवंत ठेवला.

मी जनावरांचा डॉक्टर. वाईचा. खंडाळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत, पत्र्याच्या उंच कुंपणामागे एक खाजगी संशोधन केंद्र होतं. तिथं मी बरीच वर्षं काढली. खिलार जातीच्या गर्भातच जनुकं बदलायची, आणि दुप्पट ताकदीचा, बिनशिंगाचा, ओढकामाचा बैल तयार करायचा, असा तो प्रयोग. बैल तयार झाले. ताकद आली, शिंगं गेली. पण जनुकं कापणारी कात्री जिथं चालवायची तेवढ्यावरच थांबली नाही. त्या चौघांना दुखणं कळेना. आणि ज्याला दुखणं कळत नाही त्याला भीतीही कळत नाही, हे आम्हाला उशिरा उमगलं.

साधा वळू अंगावर यायच्या आधी दहा खुणा करतो. फुरफुरतो, माती उकरतो, मान खाली घालून डोळा फिरवतो. माणसाला पळायला वेळ देतो. हे चौघं यातलं काहीच करत नसत. एक दिवस चौथ्यानं शेजारच्या वासराला कपाळानं भिंतीशी दाबलं, आणि वासराची हालचाल थांबेपर्यंत दाबत राहिला. रागानं नाही. तोंडात चारा होता, तो चावत होता.

त्यानंतर वरून आदेश आला, सगळे संपवा. तिघांना मी इंजेक्शन दिलं. चौथा माझ्या हातच्या बाटलीवर वाढला होता. मी स्वतःला सांगितलं की ही दया आहे. खरं म्हणजे आयुष्यात माझ्या हातून जमलेली ती एकच मोठी गोष्ट होती आणि ती मला मातीत घालवेना. टेम्पो करून त्याला मेढ्याला तुकाराम हवालदाराच्या रानात पाठवला. तुकाराम माझा शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून निवृत्त झालेला. त्याला म्हणालो, फार्मवरचा जादा बैल आहे, सांभाळ.

दोनेक वर्षांनी, संक्रांत होऊन गेल्यावर, माझ्या मुलीनं जेवता जेवता मोबाईल पुढं केला. "बाबा, कसला गोड आहे बघा!" कुठल्यातरी देवळासमोर एक पांढरा, बिनशिंगाचा, डोंगराएवढा बैल उभा. गळ्यात हार आणि घंटा. पाठीवर दोन पोरं बसलेली. डाव्या कानाला गोल छिद्र. तपासणीसाठी कानाचा तुकडा मीच काढला होता. मी ताट सारून उठलो. व्हिडिओत गावाचं नाव नव्हतं. तो कितव्या माणसाकडून फिरत आला होता ते मुलीलाही ठाऊक नव्हतं. सकाळी बॅगेत इंजेक्शनं भरली आणि घरी सांगितलं, कामानिमित्त जातोय.

मेढा

साताऱ्याहून मेढ्याला जाताना डोंगर दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ येतात. धुकं अजून खाचरांत बसलेलं होतं. एरवी मी या रस्त्याला गाडी थांबवून थांबवून जातो. त्या दिवशी एकदाही थांबलो नाही.

तुकारामानं मला बघितलं आणि गोठ्याकडं मान वळवली. तेवढ्यावरून समजलो.

"इकला," तो म्हणाला. "तुला फोन करायचा हुता, पर लाज वाटली गड्या. तू इश्वासानं दिलेलं जनावर."

"कशासाठी विकलास?"

"आरं, येसण घातली तर तिसऱ्या दिशी येसण मोकळी. नाक फाटलेलं, रगात गळतंय, आन् हा बाबा कडबा खातोय! मी फौजेत लय बघितलं. पायाला गोळी लागलेला गडी बी वरडतो. ह्यो वरडंना. तवा मी भ्यालो. खरं सांगतो, मी भ्यालो."

त्याच्या घरी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि मिरचीचा ठेचा झाला. आमच्या वाईला पाहुण्याला आधी विचारायची पद्धत, जेवणार का, चहा टाकू का. इथं विचारत नाहीत. ताट समोर येतं. मी भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत बसलो. तुकारामाची बायको म्हणाली, "भावजी, बैलच गेलाय न्हवं, माणूस न्हाई."

बैल कराडच्या एका शर्यतवाल्याला दिला होता. मी म्हणालो, मला त्याला गाठलंच पाहिजे. तुकारामानं कारण विचारलं नाही. आत जाऊन बंदूक घेऊन आला. रानडुकरांपासून पीक राखायचा परवाना त्याच्याकडं आहे. चादरीत गुंडाळून बंदूक मागच्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, "चल. मेमसाब, दोन दिवसांत येतो." बायको म्हणाली, "मेमसाब म्हणल्यावर मला कळतंय काय भानगड हाय ती."

कराड

उंब्रजच्या पुढं टायर बसला. जॅक माझ्या गाडीत नव्हता. उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं मदत केली, आणि जाताना सीटवरची चादर बघून विचारलं, "आजी हाय का काय झोपलेली?" तुकाराम म्हणाला, "व्हय, लय तापट हाय, उठवू नगा." दोघं हसले. मला हसता आलं नाही. प्रत्येक गेलेल्या तासाबरोबर त्या बैलाच्या पाठीवर पोरं चढत होती.

शर्यतवाला विलासअण्णा म्हणजे हातात चांदीचं कडं, दारात चार खिलारं, भिंतीवर ढालींची रांग. गोठा आमच्या घरापेक्षा स्वच्छ. त्यानं आधी मटणाचा रस्सा समोर ठेवला आणि मग बोलायला लागला.

"भुंडा व्हय? आवं, शिंग न्हाई म्हणून मैदानात लोक हसायची. म्हणायची, आण्णा, बैल आणलाय का म्हातारी? पर पळाला आन् सगळ्यांची तोंडं बंद. एकच घोळ झाला. निशाण आलं, गेलं, ह्यो थांबंना. कासरा वढला, थांबंना. जोडीचा बैल पडला, त्याला फरफटत न्हेला. लोकात शिरला." अण्णानं पायजमा वर केला. गुडघ्याखाली पायात सळी घातल्याची खूण होती. "ही आमच्या वाट्याची बक्षिसी."

"मग काय केलंत?"

"काय करणार? इकावा तर घेणारा मरंल. मारावा तर पाप. आमच्यात आसलं अवघड जनावर देवाला सोडत्यात. पार सांगलीकडं एका गावात भैरोबाचं ठाणं हाय, आमच्या मामाचा देव. भंडारा लावला, घंटा बांधली, सोडला. देव बघून घेईल."

देवाला सोडलेला पोळ, म्हणजे देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू, मी लहानपणी पाहिलेला आहे. त्याला कुणी मारत नाही, अडवत नाही. पिकात शिरला तरी हात जोडतात. जगातलं सगळ्यात धोक्याचं जनावर अण्णानं अशा जागी नेऊन सोडलं होतं, जिथं त्याला काठी दाखवणंसुद्धा पाप. आणि अण्णाला दोष तरी काय देऊ? मी मारला नाही, तुकारामाकडं पाठवला. तुकारामानं मारला नाही, अण्णाला दिला. अण्णानं देवाला दिला.

तुकाराम म्हणाला, संगमावर जाऊ, तुला हवेची गरज हाय. कृष्णा एकीकडून, कोयना दुसरीकडून, समोरासमोर येऊन भिडतात. भेळेच्या गाड्यांपाशी गर्दी होती. तिथं पायऱ्यांवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. जनुकं, कात्री, वासरू, खोटी सही.

तुकारामानं भेळेचा कागद चुरगाळला. "म्हंजे माझ्या घरात तू हे ठेवलंस. माझी नात खेळती त्या रानात."

"हो."

तो दोन पायऱ्या खाली उतरून माझ्याकडं वळला. "गावात गेल्यावर पयलं काम. खरं सांगायचं. समद्यांना. सांगशील?"

मी म्हणालो, सांगेन.

सांगलीकडचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. ज्या बाईला ते सांगायचा हक्क आहे तिला अजून मी विचारलेलं नाही.

कृष्णाकाठची काळी जमीन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, इतका उंच की गाडी बोगद्यातून चालल्यासारखी वाटते. तोड चालू होती. गुऱ्हाळांचा गोड धूर सगळीकडं. वेशीपाशी घंटेचा आवाज आला आणि मी गाडी हळू केली.

तो देवळासमोर, दगडी दीपमाळेपाशी उभा होता. मी सोडला त्याच्या दीडपट झाला होता. खांद्यावर स्नायूंच्या गाठी, नाकपुडी फाटून मध्ये मोकळी. एक बाई आपलं तान्हं मूल त्याच्या पायांखालून काढत होती, मूल धीट व्हावं म्हणून. मूल पलीकडं निघालं. बैल रवंथ करत होता.

त्याची देखभाल करणारा संपत पलीकडच्या गुऱ्हाळावरून आला. पस्तिशीचा, अंगाला काकवीचा वास, सतत हसणारा. भावाच्या गुऱ्हाळात राबायचा आणि बैलाची सेवा मनानं करायचा. मी बैल न्यायला आलोय म्हटल्यावर त्यानं कमरेवर हात ठेवले.

"डॉक्टर, तुमच्या वाईला देव कमी पडलं व्हय? आमचा न्यायला आलाय?"

जमलेले लोक हसले. पुजारी आप्पा, ऐंशीच्या घरातले, पायरीवर बसून होते. ते म्हणाले, "शिंगं न्हाईत त्याला. देवानं हत्यार काढून घेतलंय. कुणाला लागू नये म्हणून. कळतंय का?"

तुकारामानं माझ्या पाठीला बोट लावलं. आता.

तोंड उघडलं आणि समोरचे चेहरे दिसले. मी हा बनवला, मी हा मारायला हवा होता, मी खोटी सही केली. त्या वाक्याच्या पलीकडं पोलीस दिसले, मुलगी दिसली. आणि माझ्या तोंडून निघालं, "याला खुरकुताची लागण आहे. पायांत रोग आहे. कुणी जवळ जाऊ नका, हात लावू नका. उद्या मोठी गाडी मागवतो, दवाखान्यात नेऊ."

हुशारी केली असं वाटलं मला. लोक लांब राहतील, रात्र निभेल, सकाळी बैल जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही. तुकारामानं माझ्याकडं बघितलं ते मी विसरलेलो नाही.

संपतनं आम्हाला घरी नेलं. त्याची बायको कमल, ठसठशीत, बोलायला नवऱ्याच्या दोन पावलं पुढं. गरम काकवी आणि शेंगदाणे दिले. मी घाईत घोट घेतला आणि जीभ पोळली. "शहरातल्या माणसांस्नी फुकायचं बी ठावं नसतं," कमल म्हणाली. मग गंभीर झाली. "लय दुखत आसंल का हो त्याला? पाय?"

"नाही," मी म्हणालो. तेवढंच खरं बोललो त्या घरात.

ऊस

सकाळी मी चहा घेत होतो. सांगलीची गाडी दुपारपर्यंत येईल असा फोन आला होता. तेवढ्यात कमल कळशी ठेवून म्हणाली, "ह्यांनी तुरटीचं पाणी न्हेलंय. बैलाचं खूर धुवायला."

"का? मी सांगितलं होतं ना, जवळ जाऊ नका म्हणून?"

"आवं, रोग हाय म्हणलासा न्हवं? मंग जनावराला तसंच टाकायचं व्हय?"

हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या केंद्रात जनावर आजारी म्हटलं की माणसं दूर व्हायची. इथं आजारी म्हटलं की जवळ जातात. मी पळालो. वाटेत चप्पल सुटली.

संपत दीपमाळेपाशी बसला होता, बैलाचा पुढचा पाय मांडीवर घेऊन. बादली शेजारी. काहीतरी गुणगुणत होता. मी ओरडलो, "संपत, उठ! हळू उठ!" त्यानं हसून वर बघितलं. बैलानं मान वळवली. फुरफुर नाही, खुराची खरड नाही. कपाळ पुढं आलं आणि संपत आणि दीपमाळ यांच्यामधली जागा संपली.

तुकाराम लोखंडी पहार घेऊन आला, बैलाच्या पाठीवर घातली, पुन्हा घातली. त्याला पाऊस पडल्याइतकंही कळलं नाही. आप्पा ओरडत होते, "देवाला मारू नगा!" संपतचे हात हलायचे थांबले तेव्हा बैल मागं झाला. बादलीतलं पाणी हुंगलं. मग घंटा वाजवत संथपणे उसात शिरला.

कमल माझ्या मागोमागच आली होती. ती ओरडली नाही. संपतचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

त्या उसाच्या पलीकडच्या टोकाला तोड चालू होती. ऊसतोडीच्या टोळीची माणसं, आणि बांधावर त्यांची लहान पोरं. तुकारामानं गाडीतून बंदूक उचलली, मी माझी बॅग. आम्ही बांधाबांधानं पळत सुटलो. उसाचा पाला तोंडावर, हातांवर कापत होता. आतून घंटा ऐकू येत होती, आमच्याच दिशेनं, आमच्याच बरोबरीनं.

"पोरं ट्रॉलीवर चढवा!" तुकाराम फौजी आवाजात ओरडला. "कोयतं टाका! पळू नगा, वर चढा!" बायांनी पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फेकली अक्षरशः. तोडलेल्या उसाच्या मोळ्या मध्ये पसरलेल्या. उभा ऊस आमच्यापासून वीस पावलांवर, हिरव्या भिंतीसारखा.

घंटा थांबली.

मी आयुष्यात अशी शांतता ऐकलेली नाही. पाल्याची सळसळ वाऱ्याची की त्याची, कळेना. ट्रॉलीत एक पोर रडायला लागलं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं. तुकाराम पुटपुटला, "कुठनं येईल?" मी म्हणालो, "तो सांगणार नाही."

तो डावीकडून आला. आधी काही आवाज नाही; घंटा आणि तो एकदमच. ऊस बाजूला झाला आणि तो होता. थेट माझ्याकडं. तुकारामानं गोळी झाडली. खांद्यावर लाल फूल उमटलं, चाल तीच. दुसरी झाडली. पुढचा पाय गुडघ्यातून गेला. तो पडला, आणि पडल्यावरही चालत होता, उरलेल्या तीन पायांनी माती मागं लोटत, माझ्या दिशेनं सरकत. डोळे शांत. तोंडात उसाचं वाढं, ते चावत होता.

मी बॅग उघडली. सुई दोनदा मातीत पडली. मानेपाशी गुडघे टेकले आणि खंडाळ्याला द्यायचं ते इंजेक्शन तिथं दिलं. जबडा बराच वेळ हलत होता. मग थांबला.

परत निघताना

पोलीस आले, पंचनामा झाला. माणूस मारणारं जनावर पिसाळलं होतं, असं मी लिहून दिलं. दुसरी खोटी सही. तुकाराम पाठ फिरवून गाडीकडं गेला.

गावानं बैलाला गुलाल उधळून पुरलं. तिथं आता समाधीचा चौथरा बांधायचं चाललंय. संपतचं काय चुकलं ते आप्पांनी शोधून काढलं. आदल्या दिवशी त्यानं गुऱ्हाळावर मटण खाल्लं होतं आणि त्याच अंगानं देवाच्या बैलाचा पाय मांडीवर घेतला. देव कोपला. सगळ्यांना ते पटलं. तेव्हापासून कमलच्या घरचा नैवेद्य देवळात घेत नाहीत, असं पुढं तुकारामाला फोनवर कळलं.

निघताना कमल गाडीपाशी आली होती. डोळे कोरडे. म्हणाली, "डॉक्टर, तुमी शिकलेलं हायसा. खरं सांगा. ह्यांच्या हातनं कायतरी चुकलं व्हतं का?"

तुकारामानं गाडीचं दार उघडं धरून ठेवलं होतं. त्यानं ते मिटलं नाही. थांबला.

मी म्हणालो, "देवाची मर्जी, वहिनी."

कराडला तुकाराम उतरला, बंदूक घेतली, आणि म्हणाला, "इथनं मी यस्टीनं जातो." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. नैवेद्याची बातमीही त्यानं बायकोकडून कळवली.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं नाही, हे मला कळतं. वाचणारे तुम्ही आहात, कमल नाही. संपतचं काही चुकलं नव्हतं. त्याला मी सांगितलेलं खोटं खरं वाटलं आणि तो आजारी जनावराचे पाय धुवायला बसला. हे मला त्या देवळासमोर, आप्पांच्या देखत, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, कमलच्या तोंडाकडं बघून सांगायचं आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.